खेळाच्या तासांचा हिशेब

'सकाळपासून त्या गेमलाच चिकटला आहेस!' असे आई म्हणते आणि 'आत्ता तर बसलो, अर्धा ताससुद्धा झाला नाही,' असे मुलगा म्हणतो. गंमत अशी की बहुतेक वेळा दोघेही खोटे बोलत नसतात. आईची नजर जाते तेव्हा मुलगा खेळताना दिसतो, म्हणून तिला त्याचा सगळा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. मुलाला मात्र खेळाच्या नादात तास कधी सरला हे कळतच नाही. अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा हिशेब मांडणे अधिक उपयोगी पडते.

अंदाज मोठ्यांचाही चुकतो

ब्रिटनमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दोन व्हिडिओ गेम खेळणाऱ्या ३,२७४ प्रौढांची पाहणी केली. 'किती वेळ खेळलात?' या प्रश्नाची त्यांची उत्तरे गेम बनवणाऱ्या कंपन्यांकडील प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींचा मेळ नीट बसला नाही. मोठ्यांची ही गत, तर शाळकरी मुलाच्या अंदाजावर किती विसंबणार? याच पाहणीत जास्त वेळ खेळणारे लोक जास्त दुःखी असल्याचेही आढळले नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

नोंद कुठे मिळते?

अँड्रॉइड फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' ही सोय २०१८ पासून आली. सेटिंगमध्ये जाऊन पाहिले की कोणत्या गेमवर किती वेळ गेला ते दिसते. संगणकावर 'स्टीम'मधून घेतलेल्या प्रत्येक गेमपुढे एकूण तास लिहिलेले असतात. मात्र इथे एक मेख आहे. गेम उघडा ठेवून मुलगा जेवायला उठला, तरी तो वेळ मोजला जातो. म्हणून केवळ तो आकडा दाखवून मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

रोजचे २ तास ऐकायला थोडे वाटतात, पण वर्षाचे ते ७३० तास होतात. दिवसाचे ८ तास काम धरले, तर हे ९१ दिवसांचे काम झाले. दहावी-बारावीच्या वर्षात हा आकडा मुलाने स्वतः कागदावर मांडला, तर उपदेशाची फारशी गरज उरत नाही.

तासांवरून आजार ठरत नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमच्या विकाराचा समावेश आहे. मात्र त्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे आहेत. तीही साधारणपणे किमान १२ महिने दिसावी लागतात. म्हणजेच रविवारी मित्रांबरोबर ३ तास खेळणारा मुलगा ठणठणीत असू शकतो आणि रोज मध्यरात्री झोप मोडून तासभर खेळणाऱ्याकडे लक्ष देण्याची गरज असू शकते.

कायद्याचा धाकही सर्वत्र टिकला नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ पर्यंत ऑनलाइन गेम बंद केले होते. २०२२ च्या सुरुवातीला हा नियम रद्द झाला आणि वेळ ठरवण्याचे काम पुन्हा घरच्यांकडे आले.

वही अशी ठेवा

एका वहीत चार रकाने आखा: तारीख, मुलाचा अंदाज, फोनने दाखवलेला वेळ आणि त्यापायी काय राहिले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. झोप, गृहपाठ, मैदानावरचा खेळ, जेवणाच्या वेळच्या गप्पा, जे राहिले असेल ते तिथे लिहावे. वही मुलानेच भरावी. चोरून त्याचा फोन तपासू नये, नाहीतर तो खेळण्याऐवजी लपवायला शिकेल. आईबाबांनीही आपल्या मालिकांचे आणि मोबाइलचे तास त्याच वहीत लिहावेत.

महिनाभराने सर्वांनी मिळून वही वाचावी. शेवटचा रकाना बहुतेक कोरा असेल, तर मुलाला निश्चिंत मनाने खेळू द्यावे. तो भरत चालला असेल, तर वेळ किती कमी करायचा हे मुलालाच ठरवू द्यावे. ठरवूनही महिनोन् महिने जमत नसेल, मूल शाळा टाळत असेल किंवा गेम बंद करताच हिंसक होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात संकोच करू नये. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत २०१४ पासून याच कामासाठी 'शट' नावाचे खास क्लिनिक आहे. तिथे किंवा गावातल्या डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्यावी. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिच्यातच सुटतील.