खरे माप लिहिणारा अभियंता

बारावीचा निकाल आणि प्रवेशपरीक्षेचे गुण हाती आले की मध्यमवर्गीय घराघरांत एकच चर्चा सुरू होते: मुलाने कोणती शाखा घ्यावयाची? संगणक प्रथम, त्याच्या आसपासच्या शाखा त्यानंतर, आणि तेथे कोठेच जागा मिळाली नाही तर मग यंत्र अभियांत्रिकी किंवा उत्पादन अभियांत्रिकी, असा क्रम आता पुष्कळांच्या मनात पक्का बसला आहे. उत्पादन अभियांत्रिकी म्हणजे नेमके काय, हे त्या शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही कित्येकदा ठाऊक नसते. यंत्र कसे असावे हे ठरविण्याचे काम मुख्यतः रचनाकाराचे. तेच यंत्र ठरलेल्या मापात, ठरलेल्या खर्चात व ठरलेल्या दिवशी हजार वेळा एकसारखे तयार व्हावे, याची व्यवस्था लावतो तो उत्पादन अभियंता. एक नग उत्तम करणे ही कारागिरी झाली. हजारावा नग पहिल्यासारखाच निघणे हे उत्पादनाचे शास्त्र होय.

अशा पदवीधराच्या अंगी कोणते गुण असावेत, असे विचारले की एक ठरावीक यादी पुढे येते. संगणकावर आराखडे काढता यावेत, स्वयंचलित यंत्रे व यंत्रमानव यांची माहिती असावी, इंग्रजीत चार वाक्ये नीट बोलता यावीत, चारचौघांत मिळूनमिसळून काम करता यावे. २०१४ साली भारत अभियांत्रिकी शिक्षणासंबंधीच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्या करारात पदवीधराच्या अंगी असावयाचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत गणित व विज्ञान यांच्या जोडीने नीतिमत्ता, सहकार्य, संभाषण आणि जन्मभर शिकत राहण्याची तयारी यांचाही समावेश आहे. या यादीत चुकीचे काही नाही. तथापि यादीतील सर्व गुण ज्या एका मुळावर पोसले जातात, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. ते मूळ म्हणजे डोळ्यांनी खरे पाहणे, हातांनी खरे मोजणे आणि जे मोजले तेच कागदावर लिहिणे. ऐकावयास ही गोष्ट बाळबोध वाटते. प्रत्यक्षात ती किती अवघड आहे, हे कारखान्याच्या दारातून आत गेल्याखेरीज कळत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. १०० मिलिमीटर व्यासाचा एक पोलादी शाफ्ट करावयाचा आहे. कोणतेही माप तंतोतंत साधता येत नाही, म्हणून आराखड्यात थोडी सूट दिलेली असते. तिला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. एका नेहमीच्या प्रमाणानुसार ही सूट २२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या बावीस पट असते. माणसाच्या केसाची जाडीही तिच्याहून पुष्कळ अधिक भरेल. शाफ्टचा व्यास १०० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये आणि ९९.९७८ च्या खाली उतरता कामा नये. आता यंत्रावरून नुकताच उतरलेला, अजून ऊन असलेला शाफ्ट कामगाराने मायक्रोमीटरने मोजला आणि तो बरोबर १०० भरला. त्याने वहीत तशी नोंद केली. परंतु शाफ्ट मोजण्याच्या साधनापेक्षा २० अंशांनी अधिक तापलेला असेल तर? पोलादाचा १ मीटर लांबीचा तुकडा १ अंश तापमानाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतो. या हिशेबाने आपला शाफ्ट निवल्यावर २३ मायक्रॉनांनी आकसेल. रात्री निर्दोष ठरलेला नग सकाळी भंगारात जाईल.

येथे कामगार खोटे बोलला नाही आणि मायक्रोमीटरही बिघडलेला नव्हता. ‘नग निवला होता काय?’ एवढा एक प्रश्न विचारणारा माणूस तेवढा तेथे हवा होता. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे आपण शाळेतच शिकतो आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळवितो. पण ते ज्ञान रात्रपाळीला, तेलकट हातांच्या माणसाशेजारी उभे असताना ऐनवेळी आठवणे, ही निराळीच विद्या आहे.

मोजण्याच्या पुढची पायरी म्हणजे मोजलेल्या आकड्यांचा अर्थ लावणे. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत असताना वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. कोणतेही यंत्र कितीही चांगले असले तरी त्याच्या मालात थोडाफार फरक राहतोच. हा फरक त्या पद्धतीच्या अंगभूत स्वभावाचा भाग आहे की हत्यार झिजणे, कच्चा माल बदलणे असे एखादे विशेष कारण त्यामागे आहे, हे ओळखण्याचे साधन शूहार्ट यांनी दिले. नवख्या अभियंत्याची हमखास होणारी चूक अशी की एक नग थोडा मोठा निघाला की तो लगेच यंत्राची मांडणी बदलतो आणि पुढचा लहान निघाला की पुन्हा उलट बदलतो. अशा लुडबुडीने फरक कमी न होता वाढतच जातो. केव्हा हात घालावयाचा याइतकेच केव्हा हात आवरावयाचा हेही कळावे लागते. संयम हा नीतिपाठातला गुण येथे हिशेबाने सिद्ध करता येतो.

पाहण्याचे महत्त्व पटविणारी एक हकीकत जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी लिहून ठेवली आहे. १९५० साली हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कारखान्यात मोठ्या प्रेस-यंत्रांवर काम तुंबत असे. आणखी यंत्रे घ्यावीत असे व्यवस्थापकांना वाटत होते. शिंगो यांनी तत्पूर्वी काही दिवस नुसते उभे राहून पाहण्याची परवानगी मागितली. ८०० टनी प्रेसवरील साचा बदलण्याच्या वेळी त्यांना दिसले की एक कामगार कोठेतरी नाहीसा झाला आणि तासाभराने परत आला. साचा बसविण्याचा एक बोल्ट सापडत नव्हता. अखेरीस त्याने शेजारच्या यंत्राचा लांब बोल्ट काढून, तो कापून व त्यावर नवे आटे पाडून काम भागविले. तेवढा सारा वेळ ते अवाढव्य यंत्र मुके उभे होते. यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामे कोणती आणि ते चालू असतानाच उरकता येतील अशी कामे कोणती, हा भेद शिंगो यांना येथे उमगला. पुढे १९६९ साली टोयोटाच्या कारखान्यात १००० टनी प्रेसचा साचा बदलावयास लागणारा चार तासांचा वेळ याच विचाराच्या आधारे प्रथम दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणण्यात आला. या साऱ्याची सुरुवात एका हरवलेल्या बोल्टाची दखल घेण्यापासून झाली.

मात्र उभे राहून पाहणे हेच आपल्या पदवीधरास कमीपणाचे वाटते. लिहिणारा वरचा आणि हातांनी काम करणारा खालचा, ही आपल्या समाजाची जुनी उतरंड कारखान्यात शिरताना दाराबाहेर राहत नाही. वीस वर्षे एकाच यंत्रावर काम केलेल्या माणसाला त्या यंत्राचा आवाज बदललेला कळतो, पण कारण सांगता येत नाही. पदवीधराला कारण सांगता येते, पण आवाज ऐकू येत नाही. या दोघांचे बोलणे झाले तरच दोष सापडतो. त्यासाठी पदवीधराने आपले ज्ञान कामगाराच्या भाषेत, येथे मराठीत वा हिंदीत, सोपे करून सांगावयास शिकले पाहिजे. संभाषणकौशल्य म्हणजे मुलाखतीतले इंग्रजी, एवढाच अर्थ घेतल्याने ही बाजू पार दुर्लक्षित राहते. त्याआधी अर्थातच ऐकावयास शिकले पाहिजे.

या बाबतीत आपल्याकडे उदाहरणाची वाण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंगांचा भेद नीट कळत नसे, म्हणून ते चित्रकलेकडून यंत्ररेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. नांगर बनविणे हे अर्धेच काम होते. ज्याच्या हाती तो द्यावयाचा त्याची शंका समजून घेणे हे उरलेले अर्धे. १९१० साली कुंडलच्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी या दोन्ही अर्ध्यांवर उभी आहे.

आता या विषयाची सर्वांत कठीण बाजू. खरे मोजणे बुद्धीने साधते. खरे लिहावयास धैर्य लागते. महिनाअखेर आहे, ट्रक दारात उभा आहे आणि तपासणीत शंभर नग बारीक अंतराने नापास होत आहेत. ‘आकडा जरासा सुधारून लिही,’ असे वरिष्ठ सांगतो. किंवा प्रेसवरील संरक्षक जाळीमुळे दर नगाला दोन सेकंद जास्त लागतात, म्हणून ती काढून ठेवली जाते. पहिल्या प्रसंगी दूर कोठेतरी एखाद्या गाडीचा भाग निकामी होतो. दुसऱ्या प्रसंगी समोरच्याच माणसाची बोटे जातात. उत्पादनाचा आकडा आणि माणसाची बोटे यांच्यामध्ये त्या क्षणी बावीस-तेवीस वर्षांचा पदवीधर उभा असतो. तो काय करील, हे कोणत्याही मुलाखतीत कळत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडील ढिलाईचा आहे, असेही नाही. ज्या जपानच्या शिस्तीचे गोडवे जगभर गाइले जातात, त्याच जपानमधील कोबे स्टील कंपनीने २०१७ च्या ऑक्टोबरात कबुली दिली की ॲल्युमिनियम व तांबे यांच्या मालाच्या तपासणीचे आकडे बदलून माल पाठविण्यात आला होता. तो पाचशेहून अधिक ग्राहकांकडे पोहोचला होता. हा प्रकार १९७० च्या दशकापासून चालत आल्याचे २०१८ च्या अहवालात निष्पन्न झाले. इतकी वर्षे इतके शिकलेले लोक एकमेकांचे खोटे आकडे पाहत राहिले. तेथे ज्ञानाची वाण नव्हती आणि यंत्रांचीही नव्हती.

आकडे ‘सुधारण्याची’ ही विद्या शिकावयास कोणालाही जपानपर्यंत जावे लागत नाही. ती आपल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षापासूनच अंगवळणी पडते. प्रयोगशाळेत यंत्र बंद असते किंवा एका यंत्राभोवती वीस विद्यार्थी असतात. मग आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल घरी आणून त्यातील वाचने उतरविली जातात. उत्तर अगोदर ठाऊक असते. त्याला जुळतील असे आकडे मागाहून बसविले जातात. ‘अपेक्षित उत्तर आले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापले जातात आणि सुबक अक्षरात खोटे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. ज्याला चार वर्षे आपण अशी सवय लावली, त्याने नोकरीच्या पहिल्या दिवशी खरे माप लिहावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? शिक्षकांवर कामाचा भार आहे आणि साधने अपुरी आहेत, हे मान्य. परंतु दहा प्रयोगांऐवजी चारच खरे करून घ्यावेत आणि फसलेल्या प्रयोगाचे कारण शोधणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत, एवढे करावयास पैसा लागत नाही.

उमेदवारीचा मार्गही मोकळा आहे. १९६१ च्या उमेदवारी कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीतील पदवी व पदविकाधारकांचा त्यात समावेश झाला. ते एक वर्ष म्हणजे हलक्या पगाराची नोकरी, अशा दृष्टीने विद्यार्थी त्याच्याकडे पाहतात. कित्येक कारखानेही स्वस्त मजूर म्हणूनच पाहतात. दोघांचाही हा तोटा आहे. त्या वर्षात यंत्रावर स्वतः काम केलेला, नापास झालेला नग हातात घेऊन त्याचे कारण शोधलेला पदवीधर पुढे संगणकासमोर बसला तरी पडद्यावरील आकड्यामागचा तापलेला शाफ्ट त्याला दिसतो.

आज यंत्रांना संवेदक जोडलेले असतात आणि आकडे आपोआप नोंदले जातात. आता माणसाच्या प्रामाणिकपणाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु संवेदक कोठे बसवावयाचा, कोणता आकडा मर्यादेबाहेरचा मानावयाचा आणि धोक्याची घंटा वाजली की यंत्र थांबवावयाचे की घंटाच बंद करावयाची, हे अजूनही माणूसच ठरवितो. म्हणून मुलाला उत्पादन अभियांत्रिकीस पाठविणाऱ्या पालकांनी त्याला नोकरी किती पगाराची मिळेल, हे अवश्य विचारावे. पण पहिल्या सहामाहीचे त्याचे जर्नल एकदा हाती घेऊन, ‘ही वाचने तू स्वतः घेतलीस का?’ हेही विचारावे. त्या प्रश्नाचे जे उत्तर येईल, तेच पुढे कारखान्याच्या नोंदवहीत उतरणार आहे.