गडावरचे ऊन : आधी अंग गार करा, मग खाली आणा

गडकिल्ल्यांवर जाण्याची हौस आता घरोघरी पोचली आहे. २०२५ साली रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर अशा १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांपैकी ११ आपल्या महाराष्ट्रातले. मुलांना घेऊन गड पाहायला जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ऑक्टोबरात आणि मार्च ते मे या महिन्यांत सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात काही ठरावीक तक्रारी हमखास येतात. डोके ठणकते, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते, लघवी गडद पिवळी होते. विचारले की कळते, काल रविवारी मंडळी गडावर गेली होती! म्हणून आज उन्हाविषयी.

ऊन का बाधते?

चढताना स्नायू जी शक्ती वापरतात, तिचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. त्यात वरून ऊन आणि खालून तापलेला काळा कातळ. ही उष्णता घाम वाळल्यामुळे कमी होते. कडक उन्हात चढताना तासाला लिटरभर किंवा त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. कोकणाकडच्या दमट हवेत घाम नुसताच गळतो, वाळत नाही. त्यामुळे तेथे धोका अधिक.

आधी थकवा, पेटके, चक्कर, उलटी अशी लक्षणे दिसतात. या वेळी सावलीत आडवे करून, पाय थोडे उंच ठेवून, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट दिल्यास माणूस बहुधा सावरतो. मात्र त्या दिवशी त्याने पुढे चढू नये.

उष्माघात कसा ओळखावा?

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, विनाकारण चिडला, फिट आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ असे पुष्कळजण समजतात. ते खरे नाही. चढण्याच्या श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते.

अशा वेळी सोबतचे लोक घाबरून रुग्णाला उचलतात आणि खाली धावत सुटतात. उतरायला दोन तास लागले, तर ते दोन तास मेंदू, मूत्रपिंडे आणि यकृत अक्षरशः भाजत राहतात. म्हणून लक्षात ठेवा : आधी गार करा, मग खाली आणा.

जवळच्या सावलीत न्या. जाडे कपडे काढा. सगळ्यांच्या बाटल्यांतले पाणी अंगावर ओता आणि जोराने वारा घाला. मान, काखा व जांघांत ओली फडकी ठेवून ती सारखी बदला. जवळ टाके किंवा ओढा असेल, तर तेथील पाणी आणून ओतत राहा. शुद्ध नसलेल्या किंवा बरळणाऱ्या रुग्णाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवा. तापाची गोळी या तापावर चालत नाही. खिशातला कांदाही उपयोगाचा नाही. दरम्यान, फोन लागत नसेल तर एकाने गावाकडे जाऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण नीट बोलू लागला तरी त्याला दवाखान्यात नेलेच पाहिजे. वाटेतही अंग ओले ठेवावे.

निघण्यापूर्वी

उन्हाळ्यात पहाटेच चढायला लागावे आणि ऊन तापण्यापूर्वी माथा गाठावा. दुपारी १२ ते ४ चालू नये. दिवसभराच्या वाटेसाठी माणशी तीन ते चार लिटर पाणी हवे. लिटरमागे किलोभर ओझे होते, म्हणून लोक पाण्यातच काटकसर करतात. ‘वर टाके आहे’ या भरवशावर राहू नका. अनेक टाकी उन्हाळ्यात आटतात, आणि असलेले पाणीही उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यावे.

नुसते पाणी भराभर ढोसल्याने रक्तातले मीठ कमी होते. म्हणून सोबत ओआरएसची पाकिटे ठेवा. नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्यावा. डोक्यावर टोपी किंवा पंचा आणि अंगात सैल सुती कपडे असावेत. आदल्या रात्री मद्य नको. ताप किंवा जुलाब झाले असतील तर जाणे पुढे ढकलावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी, तसेच हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करू नये.

आणि एक सांगणे. सोबतचा कोणी मागे पडला, तर त्याची थट्टा करू नका. थांबा, त्याच्याशी बोला. तो सरळ उत्तर देतो का, एवढे पाहिले तरी वेळेवर धोका कळेल.