गोठ्यातील डास-माशा आणि लम्पी रोगाची लस

बेंबळीच्या शिवारात सोयाबीनची रास झाली की रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई उडते. अशा वेळी जोडीतील एक बैल आजारी पडून दावणीलाच राहिला, तर जमिनीतील ओल त्याच्यासाठी थांबत नाही. लम्पी चर्मरोगाने होणारे मोठे नुकसान हेच होय. दगावणाऱ्या जनावरांपेक्षा कामातून जाणारी व दुधाने आटणारी जनावरे कितीतरी अधिक असतात.

भारतात हा रोग २०१९ साली ओडिशात प्रथम आढळला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने जळगाव जिल्ह्यात उचल खाल्ली आणि पुढे तो राज्यात दूरवर पसरला. जनावरांचे बाजारही बंद ठेवावे लागले. रोगाचे कारण देवीच्या वर्गातील विषाणू. ताप, अंगावर टणक गाठी व पायांस सूज ही त्याची लक्षणे होत. डास, चावऱ्या माशा व गोचीड आजारी जनावराचे रक्त शोषतात आणि सोंडेस लागलेला विषाणू शेजारच्या जनावरास टोचतात. माणसास हा रोग होत नाही.

विषाणू जवळच्या नात्यातील असल्यामुळे गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. परंतु लस टोचली म्हणजे त्याच दिवशी संरक्षण मिळाले, असे नव्हे. अंगात प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. साथ दाराशी आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पावसाळ्यापूर्वीच लस टोचून घेणे शहाणपणाचे. आजारी जनावरास मात्र ती देऊ नये.

या तीन आठवड्यांत कीटकांना दूर ठेवणे अगत्याचे असते. तिन्हीसांजेस कडुनिंबाच्या पाल्याची धुरी देण्याची रीत चांगली आहे. मात्र धुरीने डास मरत नाहीत, केवळ हटतात, आणि बंद गोठ्यात तिचा त्रास जनावरासच अधिक होतो. शिवाय चावरी माशी दिवसा चावते. तिच्यासाठी कडुनिंबाचे व करंजाचे तेल साबणाच्या पाण्यात घोटून अंगावर लावावे. ही माशी ओल्या शेणात व कुजक्या कडब्यात अंडी घालते. दर आठवड्यास ती घाण गोठ्यापासून दूर उकिरड्यात नेऊन मातीने झाकल्यास माशीची नवी पिढी पुरी होत नाही. मोरीच्या पाण्याचे डबके बुजवावे, भिंतीच्या भेगा लिंपाव्यात. गोचीड तेथेच दडतात.

बाजारातून आणलेला बैल चार आठवडे वेगळा बांधावा, मग तो कितीही धट्टाकट्टा दिसो.