किल्ली फिरवल्यानंतरचे एक मिनिट

पुण्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या कात्रजमध्ये रस्त्यांना सपाटी फारशी ठाऊक नाही. चौकातून उत्तरेकडे निघालेली दुचाकी बालाजीनगर, पद्मावती करत स्वारगेटपर्यंत उतरत जाते, दक्षिणेकडे निघालेली भिलारेवाडी मागे टाकून लगेच जुन्या घाटाला भिडते आणि जुन्या बोगद्यातून पलीकडे शिंदेवाडीच्या बाजूला उतरते, तर जांभूळवाडीजवळच्या नव्या बोगद्यातून शहराकडे येणारा महामार्ग नवले पुलापर्यंत मोठ्या उताराने खाली येतो. परिणामी या परिसरातील एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमधून सकाळी बाहेर पडलेल्या मोटारसायकलला अंगात ऊब येण्यासाठी जो दोन-तीन किलोमीटरचा सरळ, निवांत रस्ता हवा असतो तो मिळतच नाही. तिला पहिल्या काही मिनिटांतच एक तर चढावर इंजिन राबवावे लागते, नाही तर उतारावर ब्रेकवर विसंबावे लागते. म्हणूनच गाडी निघण्यापूर्वी किती वेळ चालू ठेवावी आणि त्या वेळात तिचे काय काय पाहावे, हा प्रश्न येथे अधिक नेटाने विचारावा लागतो. त्याचे थोडक्यात उत्तर असे की यांपैकी पहिली गोष्ट बहुतेक चालक गरजेपेक्षा जास्त करतात आणि दुसरी जवळजवळ करतच नाहीत.

गाडी गरम करणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात काय घडते ते पाहिले पाहिजे. चार स्ट्रोकच्या इंजिनात वंगणाचे तेल, म्हणजे बोलीतले ऑइल, तळाशी साठते आणि पंपाच्या साह्याने वर चढवून क्रँकच्या बेअरिंगपासून झडपांपर्यंत पोहोचवले जाते. गाडी बंद झाली की ते हळूहळू ओघळून पुन्हा तळाला येते आणि धातूच्या पृष्ठभागांवर फक्त एक पातळ थर उरतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे किमान तापमान अनेकदा दहा अंशांच्या आसपास उतरते, आणि अशा पहाटे हे तेल थंडीत गोठू पाहणाऱ्या खोबरेल तेलासारखे आळशी झालेले असते. डब्यावर छापलेल्या १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० या आकड्यांचा संबंध याच गोष्टीशी आहे: पहिला आकडा थंड अवस्थेतील प्रवाहीपणा सांगतो आणि तो जितका लहान तितके तेल थंडीत लवकर वाहते, तर दुसरा आकडा इंजिन पुरते तापल्यावरचा दाटपणा सांगतो. इंजिन सुरू झाल्यावर तेल सर्वत्र पोहोचण्यास काही सेकंद लागतात. या सेकंदांत मूठ पिळून जोराची रेस दिली तर धातू धातूवर घासतो आणि झीज होते. शिवाय पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि तापल्यावर फुगून तो सिलिंडरमध्ये नेमका बसेल अशा मापाने घडवलेला असतो, त्यामुळे थंड असताना त्याच्या भोवती थोडी जास्त फट राहते आणि काही जुन्या गाड्यांत सकाळी जो खडखडाट ऐकू येतो व गाडी तापल्यावर थांबतो, त्यामागे बऱ्याचदा ही फट असते.

दुसरी अडचण पेट्रोलची असते. इंजिनात जळते ते द्रवरूप पेट्रोल नव्हे तर त्याची वाफ, आणि ही वाफ हवेत साधारण एकास पंधरा या वजनी प्रमाणात मिसळलेली असावी लागते. परंतु थंड धातूला लागलेल्या पेट्रोलचा काही भाग वाफ न होता भिंतींना चिकटून राहतो, मिश्रण पातळ पडते आणि गाडी सुरू होऊन पुन्हा बंद पडते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत यावर चोक हा उपाय होता, आणि जुन्या पद्धतीच्या चोकमध्ये ओढली जाणारी झडप पेट्रोल वाढवत नसून हवा अडवत असे, ज्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण आपोआप वाढे. अलीकडे देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलपेक्षा बरीच अधिक उष्णता लागते. तेव्हा उसाच्या महाराष्ट्राला या मिश्रणाचे कौतुक कितीही असले, तरी जुनी कार्ब्युरेटरची गाडी थंडीच्या सकाळी थोडी जास्त कुरकुरली तर त्यात तिचा फारसा दोष नाही.

गाडी पाच-दहा मिनिटे घुरघुरत ठेवण्याची सवय मात्र या दोन्ही कारणांपेक्षा जुन्या पिढीच्या यंत्रांकडून आलेली आहे. आकुर्डीत तयार होणारी चेतक स्कूटर, येझदी आणि १९८५ मध्ये आलेली यामाहाची आरएक्स १०० ही सारी दोन स्ट्रोकची वाहने होती. त्यांच्या इंजिनात तळाशी तेलाचा साठा नसे, वंगण पेट्रोलबरोबरच आत जाई, आणि थंड इंजिनावर एकदम ताण दिल्यास पिस्टन सिलिंडरपेक्षा आधी फुगून अडकण्याची, म्हणजे गाडी सीज होण्याची, भीती खरी होती. त्याच १९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० बाजारात आली, पुढील दोन दशकांत दोन स्ट्रोकची इंजिने रस्त्यांवरून जवळपास नाहीशी झाली, पण सकाळी गाडीला रेस देत उभे राहण्याचा संस्कार वडिलांकडून मुलाकडे तसाच उतरला.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, आणि त्यांबरोबर बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली. अशा गाडीत किल्ली फिरवल्यावर सीटखालून किंवा टाकीतून दोन-तीन सेकंद जो बारीक घूं असा आवाज येतो, तो पेट्रोलचा पंप दाब तयार करत असल्याचा असतो; हा आवाज थांबेपर्यंत आणि मीटरमधील इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा उजळून आपले काम पाहून घेईपर्यंत स्टार्टरला हात न लावणे हेच शहाणपणाचे. पुढचे काम संगणक करतो: तापमापकाकडून इंजिन थंड असल्याचे कळताच तो पेट्रोल थोडे वाढवतो, इंजिनाचा संथ वेग वर ठेवतो आणि तापमान चढू लागले की दोन्ही आपोआप खाली आणतो. या सगळ्यात चालकाच्या मुठीला काही काम उरत नाही. उलट धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारा उत्प्रेरक, म्हणजे सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, साधारण अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामच करत नाही, त्यामुळे थंड गाडीचा पहिला धूर हा दिवसभरातील सर्वांत घाण धूर असतो. वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांच्या ज्या प्रदूषण चाचण्या होतात, त्यांत थंड इंजिन सुरू केल्यापासूनचा धूर मोजला जातो तो यासाठीच.

तेव्हा पुरेसे किती, तर नव्या गाडीला अर्धे मिनिट ते एक मिनिट, आणि चोकच्या जुन्या गाडीला चोक पूर्ण मागे सारल्यावर इंजिन न अडखळता चालेल इतका वेळ. त्याहून अधिक काळ उभी गाडी चालू ठेवणे हे निरुपयोगी तर आहेच, शिवाय घातक आहे, कारण हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला उभ्या जागी वारा मिळत नाही, अर्धवट जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन खाली तेलात मिसळते, आणि बंदिस्त पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा रंग नसलेला, वास नसलेला विषारी वायू साचतो. गिअरपेटी, चेन, टायर, ब्रेक हे भाग तर गाडी जागेवर कितीही वेळ चालू ठेवली तरी गरम होत नाहीत. ते चालल्यानेच होतात. गाडी खऱ्या अर्थाने तापते ती पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत, आणि ते अंतर मूठ अर्ध्यावर ठेवून काढायचे असते. कात्रजकराला दक्षिणेकडे जायचे असेल तर ही शिस्त थोडी अवघड जाते, कारण घाट वाट पाहत नाही. अशा वेळी वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हायला लावण्यापेक्षा एक गिअर खाली घेऊन, रेस मध्यम ठेवून, डाव्या कडेने घाट चढणे केव्हाही बरे. डबलसीट किंवा सामानासह निघालेल्याला तर दुसरा पर्यायच नाही.

आणि इंजिनाला हवे असलेले ते एक मिनिट चालकाने काय करावे? बहुतेक ठिकाणी ते मोबाइलवर जाते. अमेरिकेतील मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन ही १९७३ मध्ये स्थापन झालेली संस्था नवशिक्यांना टी-क्लॉक्स नावाची एक तपासणी शिकवते, ज्यात टायर, नियंत्रणे, दिवे, द्रव पदार्थ, सांगाडा आणि स्टँड या क्रमाने गाडीभोवती एक फेरी मारली जाते. क्रम पाठ असण्यापेक्षा रोज एकाच बाजूने फेरी मारण्याची सवय लागणे महत्त्वाचे, कारण सवयीच्या नजरेला काल नसलेली गोष्ट चटकन खटकते: गाडीखालचा तेलाचा ताजा ठिपका, टायरमध्ये रुतलेला खिळा, एका बाजूला कललेला आरसा.

टायरची हवा थंड असतानाच पाहायची असते, कारण गाडी चालल्यावर आतली हवा तापून दाब वाढतो आणि आकडा फसवा येतो. नेहमीच्या १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत एकट्या चालकासाठी पुढे २५ आणि मागे २८ पौंडांच्या जवळपास दाब सांगितलेला असतो आणि डबलसीटसाठी मागचा आकडा वाढतो. नेमका आकडा चेनच्या कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि पंपावरच्या मुलाने ‘किती भरू?’ विचारल्यावर ‘भर तीस-पस्तीस’ असे सांगणे हे त्याचे उत्तर नव्हे. कमी हवेचा टायर घाटातील वळणावर गाडीला लवंडल्यासारखे करतो आणि जास्त हवेचा टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. खाचांच्या तळाशी रबराचे जे लहान उंचवटे असतात, त्यांच्या पातळीपर्यंत टायर झिजला की तो बदलण्याची वेळ झालेली असते.

ब्रेकची तपासणी दोन टप्प्यांची आहे. उभ्या गाडीवर पुढचा लिव्हर दाबल्यावर तो कडक लागावा. दाबत गेल्यास मऊ वाटत मुठीपर्यंत येत असेल तर नळीत हवा शिरली आहे किंवा ब्रेक ऑइल कमी झाले आहे, आणि ती गाडी घाटात नेऊ नये. दुसरा टप्पा गेटमधून बाहेर पडताना, पायी चालण्याच्या वेगात, दोन्ही ब्रेक एकेकदा लावून पाहण्याचा. पावसाळ्यात रात्रभर भिजलेल्या डिस्कवर तांबूस गंज धरतो, तो या दोन दाबांत निघून जातो. नाही तर पहिला खरा ब्रेक बालाजीनगरच्या उतारावर, पुढच्या बसच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर लागतो. ज्या गाडीला एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा आहे, तिचा दिवा किल्ली फिरवताच लागतो आणि गाडीने थोडा वेग घेतल्यावर विझतो. तो विझला नाही तर साधे ब्रेक चालतात पण ते संरक्षण मिळत नाही.

चेन खालच्या बाजूने मध्यावर बोटाने वर-खाली केली असता साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलावी. घाटाच्या चढावर चेनवर सर्वाधिक ताण येतो, सैल चेन दातांवरून उडी मारते आणि क्वचित उतरून चाकात अडकते. अति घट्ट चेन उलट बेअरिंग खाते. ऑइलची पातळी पाहताना गाडी मधल्या स्टँडवर किंवा सरळ उभी हवी, साइड स्टँडवर कललेल्या गाडीची पट्टी खोटे बोलते. दिव्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही: २०१७ पासूनच्या गाड्यांत पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्यामुळे आता पाहायचा तो मागचा लाल दिवा आणि ब्रेक लाइट, जो मागच्या भिंतीवर पडणाऱ्या उजेडावरून कळतो. आणि साइड स्टँड वर केला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. खाली राहिलेला स्टँड पहिल्याच डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो.

कात्रजच्या बाबतीत आणखी एका सवयीचा उल्लेख टाळता येत नाही. उतार लागला की पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल काढून, कधी इंजिनही बंद करून, घरंगळत जाणारे चालक जुन्या घाटात आणि स्वारगेटच्या रस्त्यावर रोज दिसतात. अशा गाडीला इंजिनाचा अडसर, म्हणजे गिअरमध्ये असताना मूठ सोडल्यावर इंजिन जो वेग आपोआप रोखते तो, मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. सतत दाबलेले ड्रम ब्रेक तापून सुस्त होतात. इंधन फवारणीच्या गाड्यांत तर गिअरमध्ये मूठ सोडून उतरताना संगणक पेट्रोल जवळजवळ पूर्ण तोडतो, त्यामुळे न्यूट्रलने वाचणारे पेट्रोल ही निव्वळ समजूत उरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळच्या उतारावर नियंत्रण सुटलेल्या एका मोठ्या वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली होती. उतारावर ब्रेकखेरीज दुसरा आधार नसेल तर काय होते, हे या परिसराला वेगळे सांगण्याची गरज नाही.

या सगळ्याकडे निव्वळ हौशी चालकांचे सोपस्कार म्हणून पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १९० जरूर वाचावे. चालकाला माहीत असलेला, किंवा साधी काळजी घेतली असती तर लक्षात आला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा त्या कलमाने गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्या दोषामुळे अपघातात कोणी जखमी झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रेक सैल असल्याचे माहीत नव्हते, हा बचाव या कलमापुढे टिकत नाही.