पोलादी नळी वाकविताना

वाकडी वस्तू सरळ करणे अवघड आणि सरळ वस्तू वाकडी करणे सोपे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. माणसांच्या बाबतीत तो खरा असेलही. पोलादी नळीच्या बाबतीत मात्र तो खोटा ठरतो. सरळ नळी बाजारात हवी तितकी मिळते. ती वाकवून तिच्यात पूर्वीचे बळ राखणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही.

आमच्या शेजारच्या एका तरुणाने मध्यंतरी एक जुनी उघडी जीप विकत घेतली. डोंगरातील कच्च्या वाटांवर ती चालविण्याची त्याला मोठी हौस. अशा वाटेवर गाडी उलटली, तर उघड्या जीपमधील माणसाच्या डोक्यावर आकाशाखेरीज काहीच नसते. म्हणून बसणाऱ्यांच्या पाठीमागे, गाडीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, पोलादी नळीची एक भक्कम कमान उभारतात. तिला रोल बार म्हणतात. गाडी उलटल्यास तिचा भार झेलावयाचा आणि खाली माणसाला जगण्यापुरती जागा राखावयाची, एवढेच या कमानीचे काम. त्या तरुणाने ती घरीच करावयाचे ठरविले. हार्डवेअरच्या दुकानातून त्याने जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप आणला, त्यात वाळू भरली, अंगणातील पेरूच्या बेचक्यात तो अडकविला आणि दोन मित्रांच्या मदतीने ओढून वाकविला. संध्याकाळी मला बोलावून तो म्हणाला, "काका, कशी झालीय?" कमान झाली होती खरी, पण एका कोपऱ्याच्या आतल्या अंगाला दोन सुरकुत्या पडल्या होत्या आणि तेथे पाइप चपटला होता. मी त्यावर बोट ठेवताच तो हसून म्हणाला, "तेवढं रंग दिल्यावर दिसणार नाही."

त्याच्या या उत्तरात एका मोठ्या गैरसमजाचे मूळ आहे. ते समजून घेण्यासाठी प्रथम नळीच्या अंतरंगात थोडे डोकावले पाहिजे.

बांबू पोकळ असूनही इतका ताठ का असतो? कोणताही दांडा वाकू लागला की त्याची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते; मधोमध असलेल्या द्रव्याला जवळजवळ काहीच काम पडत नाही. म्हणून मधले द्रव्य काढून तेच कडेला नेऊन ठेवले, तर तेवढ्याच वजनात दांडा कितीतरी अधिक ताठ होतो. पोलादी नळीचे सामर्थ्य याच तत्त्वावर उभे आहे. याचाच दुसरा अर्थ असा की, नळीचे बळ नुसत्या पोलादात नाही, ते तिच्या वर्तुळाकार छेदात आहे. वर्तुळ चपटले की वरची आणि खालची भिंत एकमेकींच्या जवळ येतात आणि वाकण्याला होणारा विरोध झपाट्याने घटतो. १९२७ साली ब्रेझियर या संशोधकाने पातळ नळ्यांच्या वाकण्याचे गणित मांडून दाखविले की, वाकताना नळी आपोआप चपटू लागते, चपटल्यामुळे दुबळी होते, आणि एका मर्यादेनंतर एकाएकी दुमडते. बांबूला ही व्यथा सोसावी लागत नाही, कारण निसर्गाने त्याला ठिकठिकाणी पेरे दिली आहेत. ती आतून त्याची गोलाई सांभाळतात. पोलादी नळीला पेरे नसतात.

आता प्रत्यक्ष मापे घेऊ. ४५ मिलिमीटर बाहेरील व्यासाची नळी आपल्याला काटकोनात वाकवावयाची आहे आणि वळणाची त्रिज्या, नळीच्या मध्यरेषेवर मोजली असता, व्यासाच्या तिप्पट म्हणजे १३५ मिलिमीटर ठेवावयाची आहे. या वळणात मध्यरेषेची लांबी २१२ मिलिमीटर भरते. बाहेरच्या कडेला मात्र २४७ मिलिमीटर अंतर कापावे लागते आणि आतल्या कडेला अवघे १७७. म्हणजे बाहेरचे पोलाद आपल्या लांबीच्या एक षष्ठांशाने ताणले गेले आणि आतले तितकेच आवळले गेले. ताणले गेलेले पोलाद पातळ होणारच. अडीच मिलिमीटर जाडीची भिंत ढोबळ हिशेबाने सव्वादोन मिलिमीटरांहूनही खाली उतरते. आवळले गेलेले पोलाद जाड होते. पण जागा न मिळाल्यास ते घड्या घालू लागते. याच त्या सुरकुत्या. वळण जितके आखूड, तितका हा छळ अधिक. आमच्या तरुण मित्राने पेरूच्या बेचक्यात साधलेले वळण फारच आखूड होते. शिवाय बेचक्याला खाच नसल्याने पाइपला कडेने कोणताच आधार नव्हता, आणि सारा दाब एकाच रेषेवर आला.

मग वाळू भरून काय साधले? वाळूची युक्ती जुनी आणि शहाणपणाची आहे. नळीला पेरे नाहीत, तर तिचे पोट भरून टाकावयाचे, म्हणजे भिंतींना आत यावयास जागाच उरत नाही. पितळी वाद्ये करणारे कारागीर याच हेतूने नळीत डांबरासारखा पदार्थ किंवा शिसे ओततात व वळण साधल्यावर ते वितळवून काढतात. वाळू वापरावयाची तर ती बारीक, चाळलेली आणि पूर्ण कोरडी हवी. एका टोकाला लाकडी बूच ठोकून, नळी उभी धरून, बाहेरून हलके ठोके देत ती ठासून भरावी लागते. सैल भरलेली वाळू न भरलेल्यासारखीच. लोहार अशी नळी भट्टीत लाल करून सावकाश वाकवितो. यात एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. वाळू ओली असेल आणि दोन्ही तोंडे बंद असतील, तर तापताच आतील पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. ती न मिळाल्यास बूच किंवा नळीच बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. दुसरा धोका जस्ताचा. मुलामा दिलेला पाइप तापविला किंवा वेल्ड केला, की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला म्हणजे काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

खिडकीची जाळी, जिन्याचा कठडा, बागेतील बाक किंवा वेलीचा मांडव यांसाठी वाळू आणि भट्टी ही रीत उत्तम आहे. रोल बारच्या बाबतीत मात्र तीच रीत घातक ठरते. अशा कमानीला लागणारी नळी थंड स्थितीत साच्यातून ओढून घडविलेली असते आणि तिच्या बळाचा मोठा भाग या ओढण्यातूनच आलेला असतो. ती लाल होईपर्यंत तापविली की पोलादाच्या कणांची रचना बदलते आणि ते कमावलेले बळ निघून जाते. वळण देखणे येते, सुरकुती एकही पडत नाही. आणि जेथे सर्वांत मोठा आघात यावयाचा, तो कोपराच मऊ झालेला असतो. डोळ्यांना हा दोष दिसत नाही, म्हणून तो सुरकुतीहूनही अधिक फसवा.

मोटार शर्यतींचे नियमन करणाऱ्या एफआयए या आंतरराष्ट्रीय महासंघाने याविषयी जे नियम केले आहेत, त्यांच्या मुळाशी हेच ज्ञान आहे. मुख्य कमानीसाठी अखंड, म्हणजे सांधा नसलेली, थंड ओढलेली पोलादी नळी सांगितली आहे. ती ४५ मिलिमीटर व्यासाची व अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची व दोन मिलिमीटर जाडीची असावी. दर चौरस मिलिमीटरला निदान ३५० न्यूटन, म्हणजे सुमारे ३६ किलो वजनाइतका ताण येईपर्यंत तिने तुटता कामा नये. वळण थंडच द्यावे, त्याची त्रिज्या व्यासाच्या तिपटीहून कमी नसावी, आणि वळणावर नळी लंबवर्तुळाकार झालीच, तर तिचा लहान व्यास मोठ्या व्यासाच्या नऊ दशांशाहून कमी भरू नये. ही शेवटची कसोटी कोणालाही घरी लावता येते. वळणावर कॅलिपर लावून मोठा व्यास ४७ मिलिमीटर आणि लहान ४२ मिलिमीटर भरला, तर गुणोत्तर ०.८९ येते, कमान नापास. पाण्याचा पाइप या परीक्षेला बसण्याच्या योग्यतेचाच नव्हे. पाणी न गळू देणे हे त्याचे काम; उलटणाऱ्या गाडीचा आघात झेलणे हे नव्हे.

तेव्हा अशी नळी थंडच वाकवावी लागते, आणि त्यासाठी योग्य यंत्र लागते. नळकामासाठी मिळणारा हायड्रॉलिक बेंडर नळीला दोन ठिकाणी टेकू देऊन मधोमध रेटतो. जाड भिंतीच्या पाण्याच्या पाइपला ते चालते. पातळ भिंतीची नळी त्यात चपटते. चांगल्या वर्कशॉपमधील यंत्रात नळीच्या मापाची अर्धगोल खाच असलेले चाक असते. नळी त्या खाचेत जखडून चाकाभोवती ओढून घेतली जाते, आणि गरजेप्रमाणे आतून पोलादी गाभा तिची गोलाई सांभाळतो. या गाभ्याला आपण यंत्राने उसने दिलेले पेर म्हणू. असे यंत्र घरी ठेवण्याचे कारण नाही. वळणापुरते ते काम वर्कशॉपकडून करून घ्यावे.

मग घरी करावयाचे काय उरते? पुष्कळ उरते, किंबहुना डोके लागणारा सारा भाग घरचाच आहे. प्रथम फरशीवर खडूने कमानीची पूर्ण मापाची आकृती काढावी आणि जाड तारेचा नमुना वाकवून तो गाडीत बसवून पाहावा. मग लांबीचा हिशेब करावा. कोपऱ्यापर्यंतच्या सरळ रेषा मोजल्या, तर आपल्या उदाहरणात प्रत्येक कोपऱ्याला १३५ आणि १३५ मिळून २७० मिलिमीटर धरले जातात. नळी मात्र वळणातून २१२ मिलिमीटरांतच पलीकडे जाते. दर कोपऱ्याला ५८ मिलिमीटरांची ही तफावत दोन कोपऱ्यांत मिळून ११६ मिलिमीटर होते. ती विसरली, तर वळणाच्या खुणा चुकतात आणि महागडी नळी वाया जाते. पोलादाची उसळीही हिशेबात धरावी लागते. दाब सोडताच नळी काही अंश मागे सरकते, म्हणून काटकोन हवा असल्यास त्याच्या थोडे पुढे जावे लागते. किती, ते त्याच नळीच्या एका तुकड्यावर आधी अजमावून पाहावे.

कमान कितीही चांगली झाली, तरी तिचे पाय कशावर उभे आहेत, हे पाहिलेच पाहिजे. गाडीच्या तळाचा पत्रा पातळ असतो. उलटताना नळीचा पाय त्यातून खिळ्यासारखा आरपार जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक पायाखाली निदान तीन मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पोलादी पट्टी देऊन भार पसरवावा, असे वर सांगितलेल्या नियमांतच म्हटले आहे. एकटी कमान मागे-पुढे लोळू नये म्हणून तिला मागून दोन सरळ तिरकस टेकूही हवेत. वेल्डिंग ही तर स्वतंत्र विद्या आहे. आयुष्य ज्या सांध्यावर सोपवावयाचे, तो सांधा पारखलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यावा. आणि आसनपट्टा नसेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ होय. पट्टा न बांधलेला माणूस कमानीने राखलेल्या जागेतून बाहेर फेकला जातो, किंवा त्याचे डोके त्या कमानीवरच आपटते. डोक्याजवळच्या नळीवर जाड, घट्ट फोमचे वेष्टन म्हणूनच आवश्यक असते. कायद्याचाही विचार आधी करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून नळी खरेदी करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेतीच्या क्षेत्रात मिळते. ट्रॅक्टर उलटून चालक खाली चिरडला जाणे हा जगभरच्या शेतकऱ्यांना परिचित असलेला मृत्यू आहे. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक चौकट बंधनकारक केली आणि पुढे जुन्या ट्रॅक्टरांनाही नियम लागू केले. काही दशकांत तेथे अशा मृत्यूंचे प्रमाण नगण्य झाले. ट्रॅक्टर उलटावयाचे थांबले नव्हते. खालचा माणूस वाचू लागला होता. ही किमया मोजूनमापून केलेल्या आणि कसोटीला उतरलेल्या चौकटींची होती. सुरकुती पडलेली, रंगाखाली झाकलेली कमान याच्या उलट परिणाम करते. आपल्या माथ्यावर काहीच नाही हे ठाऊक असलेला माणूस उतारावर जपून चालवितो. कमान आहे असे मानणारा वेग वाढवितो. खोटे संरक्षण नसलेल्या संरक्षणाहून वाईट ते याच कारणाने.

हे सारे मी त्या तरुणाला एका बैठकीत सांगितले नाही; त्याने ते ऐकूनही घेतले नसते. मी त्याला एवढेच विचारले की, गाडी उलटेल तेव्हा तुझ्या शेजारच्या आसनावर कोण बसलेले असेल? तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी तो कॅलिपर मागावयास आला. वर्कशॉपमध्ये योग्य नळीची नवी कमान तयार होईपर्यंत तीन महिने गेले, आणि तोवर जीप डोंगरावर गेली नाही. जुनी कमान त्यांच्या अंगणातच आहे. तिच्यावर आता जाईचा वेल चढविला आहे. त्या दोन सुरकुत्या पानांआड झाकल्या गेल्या आहेत, आणि तेथे त्यांच्यापासून कोणाला काही अपाय नाही.