फिरत्या धंद्यासाठी छोटा लॅपटॉप : घेताना काय पाहावे?

राधानगरीच्या बाजारपेठेत दुकान, पण निम्मे काम बाहेर. फॅब्रिकेशनवाला मापे घ्यायला दाजीपूरच्या बाजूला जातो, बेकरीचा माल घेऊन टेम्पो गावोगाव फिरतो, फर्निचरवाल्याला गिऱ्हाइकाच्या दारातच कोटेशन द्यावे लागते. एखाद-दुसरे बिल मोबाईलवर होते. पण महिन्याची खरेदी-विक्री, उधारीची यादी आणि जीएसटीचे विवरण मोबाईलवर जुळवणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. अशा व्यापारी बंधूंसाठी पिशवीत मावणारा, कमी खर्चाचा लॅपटॉप कसा निवडावा, हे आम्ही येथे सांगत आहोत.

पहिली गोष्ट वीज. आपल्या भागात जूनपासून पावसाचा जोर आणि त्याबरोबर वीज जाणे ठरलेले. म्हणून बॅटरी आधी पाहा. तिच्यावर किती वॅट-अवर आहे ते लिहिलेले असते. साध्या हिशेबाच्या कामाला तासाला सुमारे ८ वॅट-अवर लागतात असे धरले, तर ४० ची बॅटरी पाचेक तास चालेल. जाहिरातीतल्या दहा-बारा तासांवर विसंबू नका.

दुसरी गोष्ट साठवण. अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची ईएमएमसी साठवण असते. विंडोज आणि तिची अपडेट्स यांतच ती भरत येते व यंत्र रडू लागते. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी यापेक्षा कमी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्रोमबुक स्वस्त दिसते, पण टॅलीसारखा विंडोजवरचा प्रोग्रॅम त्यात थेट चढवता येत नाही. पडदा साडेबारा ते चौदा इंची असावा. अकरा इंचीवर खतावणीचे रकाने वाचवत नाहीत.

इतके सारे नव्यात बजेटबाहेर जात असेल, तर कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला जुना लॅपटॉप चांगला. त्याचा सांगाडा नव्या स्वस्त यंत्रापेक्षा बहुधा मजबूत असतो. मात्र इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, कारण विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बॅटरीची मूळ क्षमता व आजची क्षमता दुकानदाराकडून पडद्यावर काढून घ्या. आणि खरेदी कोल्हापुरातूनच करा. बिघाड झाला तर सुमारे ५० किलोमीटर जाऊन यावे लागते ते परवडते. मुंबईला पार्सल पाठवून पंधरा दिवस धंदा अडकवणे परवडत नाही.

आता पैशांचे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे व्याज नाही, असे पुष्कळ बंधू समजतात. उदाहरण पाहा. ३०,००० चा लॅपटॉप. सवलतीच्या नावाने १,५०० वजा होतात, बँक २८,५०० चे कर्ज देते आणि तुमच्याकडून हप्त्याने ३०,००० घेते. ते १,५०० व्याजच. क्रेडिट कार्ड असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २७० रुपये, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे. रिझर्व्ह बँकेनेही १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे बँकांना बजावले होते. ज्यांना रिबापासून दूर राहायचे आहे त्यांनी दुकानदाराला सरळ विचारावे, ‘रोख दिले तर किती?’ ती सवलत रोखीतही मिळू शकते. चार महिने थांबून पैसे साठवले तरी बिघडत नाही, वही आहेच.

जीएसटीत नियमित नोंदणी असणाऱ्यांनी बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. करासह ३०,००० च्या नव्या लॅपटॉपवर सुमारे ४,५७६ रुपयांचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही.

जकातीबद्दलही विचारणा होते. लॅपटॉप हे सुताराच्या करवतीप्रमाणे धंद्याचे अवजार, त्यावर जकात नाही. पण त्यात नोंदवलेला विक्रीचा माल आणि वसुलीची खात्री असलेली उधारी मात्र हिशेबात धरावी लागते.