कुंडींतील टोमॅटो कां बिघडतो?

कुंडींत टोमॅटो लावणाऱ्या नवशिक्याचें पहिलें झाड बहुधा रोगापेक्षां उपचारांनींच दगावतें. एखादें पान पिवळें दिसलें कीं सकाळीं पाणी, सायंकाळीं खत आणि दुसऱ्या दिवशीं औषधाची फवारणी असा त्या रोपावर भडिमार सुरू होतो, व आठवड्याच्या आंत रोप मान टाकतें. पुण्यामुंबईच्या सज्जांत आणि गच्च्यांवर हा प्रकार दर हंगामांत घडतो. पानावर दिसणारी तक्रार पुष्कळदां मुळांची असते, आणि मुळें तर मातीआड झांकलेलीं असतात. तेव्हां कोणताहि उपाय योजण्यापूर्वीं कुंडींतील मातींत दोन पेरें बोट खुपसून पाहावें.

बोटाला माती ओली लागते आणि तरीहि झाड कोमेजलेलें आहे, अशी स्थिति असेल तर पाण्याचा एक थेंबहि घालूं नये. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सदोदित पाण्यानें भरलेल्या राहिल्या तर हवेला वाव उरत नाहीं, मुळें गुदमरतात व कुजूं लागतात; आणि कुजलेल्या मुळांकडून पाणी वर चढत नाहीं. अशा रीतीनें झाड पाण्यांत उभें राहून तहानेनें सुकतें. नवशिक्याला सुकलेलें पान तेवढें दिसतें, व तो आणखी एक तांब्या ओततो! अशा वेळीं कुंडीच्या बुडाचें भोंक मोकळें करावें, खालच्या ताटलींत सांचलेलें पाणी फेकून द्यावें आणि वरची माती कोरडी होईपर्यंत स्वस्थ राहावें. तळाशीं खड्यांचा जाड थर घातला म्हणजे निचरा होतो, ही समजूत फार रूढ आहे, पण ती खरी नव्हे. बारीक मातींतलें पाणी मोठ्या खड्यांत सहजासहजीं उतरत नाहीं; त्यामुळें ओलाव्याचा थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. भोंकावर एक खापरी पुरे. भर दुपारीं पानें मलूल होऊन सूर्यास्तानंतर पुन्हां ताठ होत असतील, तर तो मात्र रोग नव्हे.

देशावरील काळ्या मातीची गोष्ट ह्याच्या उलट आहे. ही माती सुकली कीं आकसते आणि कुंडीची कड सोडते. मग वरून घातलेलें पाणी त्या फटींतून थेट खालीं जातें. ताटली भरते, माळी समाधान पावतो, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. अशी कुंडी पाण्याच्या टबांत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी, व पुढील खेपेस निव्वळ काळी माती न भरतां तींत चांगलें कुजलेलें शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळावा. कुंडीहि लहान नसावी. पंधरावीस लिटर माती मावेल एवढी तरी असावी. चहाच्या डब्याएवढ्या भांड्यांत टोमॅटो फळेल ही आशाच व्यर्थ आहे.

पाणी ठीक असूनहि पानें पिवळीं पडत असतील, तर कोणतें पान आधीं पिवळें पडलें हें पाहावें. नत्र कमी पडलें म्हणजे झाड जुन्या पानांतील नत्र काढून शेंड्याकडे पाठवितें. म्हणून खालचीं पानें सबंध फिकट होतात. त्यास खताची गरज आहे. लोहाला असा प्रवास साधत नाहीं. त्याच्या अभावीं कोवळीं पानें पिवळीं होतात, पण शिरा हिरव्या राहतात. विंधनविहिरीचें क्षारयुक्त पाणी घालणाऱ्यांस हें वारंवार आढळतें. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरली असेल, तर सांठविलेलें पावसाचें किंवा नळाचें पाणी भरपूर ओतून क्षार खालून वाहून जाऊं द्यावे. अशा झाडाला आणखी खत घालणें म्हणजे दुखण्यांत भर घालणें होय.

फळाच्या बुडाशीं काळा, खोलगट चट्टा पडला कीं अनेकजण कीड शोधूं लागतात. तेथें कीड नसते. वाढत्या फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, वेळेवर पोंचलेला नसतो. आणि तो पाण्याबरोबरच वर जात असल्यामुळें दोन दिवस दुष्काळ व तिसऱ्या दिवशीं महापूर असें पाणी देणाऱ्याच्या कुंडींत हा चट्टा हटकून दिसतो. अंड्यांचीं टरफलें मातींत विरघळण्यास फार काळ लागतो. चालू हंगामांत तीं उपयोगी पडत नाहींत. नियमित पाणी हाच इलाज. फुलें गळत असतील तर उष्णमान पाहावें. दिवसाचें ३५ अंशांपलीकडे गेलें व रात्रहि उबदार राहूं लागली कीं परागांचें कार्य बिघडतें, म्हणून एप्रिलांत गळणाऱ्या फुलांसाठीं औषधें विकत घेऊं नयेत.

खरे रोगहि आहेतच. शेंड्याचीं पानें बारीक होऊन वर वळलीं आणि झाड खुजें, झुपकेदार झालें, तर पांढऱ्या माशीनें आणलेला पर्णगुच्छ समजावा. त्यावर औषध नाहीं. शेजारचीं रोपें वाचवावयाचीं तर तें उपटावें. खालच्या पानांवर चक्राकार वलयांचे डाग दिसले तर तो करपा. तीं पानें खुडावीं, आणि पाणी पानांवर न शिंपडतां बुंध्याशीं घालावें. तंबाखूंतूनहि एक विषाणु टोमॅटोवर येतो, तेव्हां बिडी ओढणारानें अगर तपकीर घेणारानें हात धुवूनच रोपास शिवावें.

हिरवेंगार झाड एकाएकीं कोमेजून सायंकाळींहि सावरलें नाहीं, तर बुंध्याजवळचा एक तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यांत लोंबता धरावा. कांहीं मिनिटांत त्यांतून दुधासारखे धागे उतरूं लागले, तर ती जंतूंमुळें होणारी मर होय. झाड मुळासकट काढून टाकावें. त्या कुंडींतील माती टोमॅटो, वांगें, मिरची अगर बटाटा ह्यांच्याकरितां पुन्हां वापरूं नये. हीं सारीं एकाच कुळांतील आहेत, व हे जंतु मातींत दीर्घकाळ तग धरतात. कुंडी आणि खुरपें धुवून कडक उन्हांत वाळवावें, व नवी माती भरल्यावरहि पहिल्या हंगामांत तींत मेथी किंवा कोथिंबीर लावावी.